आकाशातून आपलं शिवार: गूगल अर्थ प्रो पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "ही विहीर बुजवून चार वर्षं झाली. मग इथे अजून पाणी कसं दिसतंय?" प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: ते चित्र विहीर बुजवण्याच्या आधीचं होतं.

नव्याने गूगल अर्थ वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की उपग्रह आत्ता, या क्षणी आपल्या छपरावरून पाहतोय. तसं काही नसतं. पृथ्वीचा जो गोल आपल्याला दिसतो तो एक फोटो नाही, ती गोधडी आहे. वेगवेगळ्या उपग्रहांनी आणि विमानांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ऋतूत काढलेले तुकडे एकमेकांना शिवून ती तयार होते. गावाचा अर्धा भाग मार्चमधला आणि उरलेला अर्धा दोन वर्षं आधीच्या डिसेंबरमधला, असंही होतं. मधली शिवण नुसत्या डोळ्यांनी दिसते: एका बाजूला हिरवं, दुसऱ्या बाजूला करडं. खालच्या सगळ्या पायऱ्या ही गोधडी ध्यानात ठेवून लिहिल्या आहेत.

बसवणं आणि पहिल्या तीन दुरुस्त्या

ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे, फोनचं ॲप आहे, पण शिकायला सुरुवात डेस्कटॉपवरच्या गूगल अर्थ प्रोपासून करा. मोजमाप, उंचीचा आलेख, जुन्या नकाशाची चढवण ही कामं माउसने आणि मोठ्या पडद्यावर नीट होतात. कीहोल नावाच्या कंपनीने हे सॉफ्टवेअर बनवलं होतं. २००४ साली गूगलने ती कंपनी घेतली आणि जून २००५ मध्ये 'गूगल अर्थ' या नावाने ते सर्वांसाठी खुलं केलं. प्रो आवृत्तीला पूर्वी वर्षाला ३९९ डॉलर मोजावे लागत. जानेवारी २०१५ पासून ती फुकट आहे, त्यामुळे कोणी पैसे मागत असेल तर ते पान लगेच बंद करा. गूगल अर्थच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्या. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी ते मिळतं आणि वापरायला खातं उघडावं लागत नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर सूचनांची एक खिडकी येते, ती बंद करा. मग वरच्या 'टूल्स' मेन्यूतून 'ऑप्शन्स' उघडा (मॅकवर हेच 'प्रेफरन्सेस' नावाने असतं) आणि तीन गोष्टी बदला. अक्षांश-रेखांश 'डेसिमल डिग्रीज' करा, म्हणजे ते कॉपी करून कुणालाही पाठवता येतात. मोजमापाचं एकक मीटर-किलोमीटर करा. आणि 'नेव्हिगेशन'मध्ये जाऊन झूम करताना आपोआप तिरकं न होण्याचा पर्याय निवडा. ही तिसरी दुरुस्ती मी सगळ्यांना आग्रहाने करायला लावतो. ती केली नाही तर जमिनीजवळ जाताना दृश्य आपसूक कलतं आणि नवा माणूस गोंधळतो.

डाव्या पट्टीत तीन कप्पे असतात. वर शोध, मध्ये तुमच्या जतन केलेल्या जागा, खाली 'लेयर्स'. लेयर्समध्ये सुरुवातीला फक्त सीमा-नावं आणि रस्ते चालू ठेवा. फोटो, दुकानं, गॅलरी यांच्या खुणा सगळ्या पडद्यावर पसरल्या की खालची जमीनच दिसेनाशी होते. सगळ्यात शेवटी 'टेरेन' असतं, ते मात्र चालूच राहू द्या. डोंगर त्यामुळेच वर उचललेले दिसतात.

हात बसवायला लोणार

घर नंतर शोधा. आधी शोधाच्या चौकटीत 19.9767, 76.5083 हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करून एंटर दाबा. तुम्ही बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या विवरावर उतराल. काळ्या बसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. इतका स्पष्ट गोल आकार सहसा मिळत नाही, म्हणून सरावाला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

डावं बटण दाबून ओढलं की जमीन सरकते, चाक फिरवलं की जवळ-लांब होतं. चाकच दाबून धरून माउस पुढे-मागे केला की दृश्य तिरकं होतं. चाकाचा माउस नसेल तर शिफ्ट दाबून ओढा. विवराच्या काठापर्यंत खाली या, दृश्य तिरकं करा आणि पाण्याकडे बघत सावकाश एक प्रदक्षिणा घाला. हात चुकेल, आकाश खाली आणि जमीन वर असं काहीतरी होईल. तेव्हा फक्त कीबोर्डवरचं 'आर' दाबा, दृश्य सरळ होऊन उत्तर दिशा वर येते. 'एन' दाबलं तर फक्त उत्तर वर येते, 'यू' दाबलं तर दृश्य बरोबर डोक्यावरून दिसतं. ही तीन अक्षरं पाठ झाली की कुठेही हरवायला होत नाही.

तारीख कशी वाचायची

पडद्याच्या तळाच्या पट्टीत डावीकडून उजवीकडे चित्राची तारीख, माउसच्या टोकाखालच्या जागेचे अक्षांश-रेखांश, त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तुमच्या 'डोळ्याची' उंची दिसते. चित्र सरकवा, तारीख बदलेल. गोधडीचा दुसरा तुकडा लागला, एवढाच त्याचा अर्थ.

तारखेत एक फसवणारी गोष्ट आहे. अनेक संगणकांवर ती अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस, अशी दिसते. समजा 4/11/2018 लिहिलंय. ते ४ नोव्हेंबर की ११ एप्रिल? अशा वेळी शेतांकडे पाहा. माळरान पिवळं-तपकिरी पडलं असेल, ओढे कोरडे असतील, फक्त उसाचे आणि बागायतीचे चौकोन हिरवे असतील, तर तो एप्रिल. सगळ्या शिवारावर हिरवी साय असेल, नाले भरलेले असतील, तर नोव्हेंबर. आपल्याकडच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

त्याच पट्टीच्या जवळ चित्राच्या मालकाचं नावही येतं: मॅक्सार, एअरबस, लँडसॅट-कोपर्निकस वगैरे. हे नाव वाचायची सवय लावा, कारण चित्र किती बारीक आहे ते त्यावरून कळतं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा एकच रंग. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा असतो, म्हणजे एक ठिपका बरोबर एक आर, आपल्या हिशेबात साधारण एक गुंठा. खासगी कंपन्यांचे उपग्रह याच्या फार पुढे गेलेत. २०१४ साली सोडलेला वर्ल्डव्ह्यू-३ सुमारे ३१ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे एका फुटाच्या बारकाव्याने टिपतो. त्यात बैलगाडी दिसते, बांधावरचं एकटं झाड दिसतं, विहिरीचं कठडं दिसतं. माणूस मात्र ओळखता येत नाही.

घड्याळाचं बटण

वरच्या पट्टीवर घड्याळाचं चिन्ह आहे. ते दाबलं की डाव्या कोपऱ्यात एक सरकपट्टी येते आणि तिच्यावर उभ्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे त्या जागेचं एक जुनं चित्र. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच बटण.

सरावासाठी नवी मुंबईच्या विमानतळाची जागा घ्या, 18.99, 73.07 च्या आसपास. पट्टी मागे नेली की उलव्याची टेकडी, खाजणं, नदीचं वळण आणि वस्त्या दिसतात. एकेक रेघ पुढे या. टेकडी कापली जाते, उलवे नदीचा प्रवाह वळवला जातो, भराव पसरतो, मग धावपट्टीची सरळ रेघ उमटते. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. त्याआधीच्या भूगोलाचा पुरावा हवा असेल तर तो या पट्टीत आहे.

खूप वर गेलात, म्हणजे जिल्हाभर जागा पडद्यात मावेल इतकं, तर पट्टी १९८४ पर्यंत मागे जाते. ती चित्रं लँडसॅटची असतात. वर्षभराची अनेक चित्रं एकत्र करून, ढग काढून टाकून त्यातली बरीचशी बनवलेली असतात. म्हणून तिथे डिसेंबर अखेरची तारीख दिसली तर ती 'त्या दिवशीचं चित्र' असं समजू नका. खेडेगावाजवळ खाली आलात की इतकं जुनं स्पष्ट चित्र मिळत नाही, कारण एक मीटरच्या आसपासचे तपशील देणारा पहिला व्यावसायिक उपग्रह, आयकोनॉस, १९९९ साली अवकाशात गेला. त्याच्या आधीच्या काळात आपल्या शिवाराची अशी बारीक चित्रं विकतसुद्धा मिळत नव्हती.

आता उजनीकडे चला. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचं पाणी पार भिगवणपर्यंत मागे पसरतं. इंदापूर तालुक्यात पळसदेवजवळ बुडालेलं जुनं दगडी मंदिर पाणी खूप उतरलं की उघडं पडतं. इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. एक चित्र डिसेंबरचं घेतात, दुसरं काही वर्षांनंतरच्या मे महिन्याचं घेतात आणि म्हणतात, बघा, धरण आटलं. धरण दर मे महिन्यात आटतं. तुलना करायची तर मे ची मे शीच करा. शिवाय जून ते सप्टेंबरची चित्रं फारशी मिळत नाहीत, कारण आभाळ भरलेलं असतं. पुराच्या ऐन दिवसाचं चित्र शोधत बसलात तर बहुतेक वेळा हाती ढगच लागतील.

आणखी एक. आपोआप दिसणारं चित्र सगळ्यात ताजं असेलच असं नाही. स्वच्छ, एकसारखं दिसणारं चित्र वर ठेवलं जातं आणि कधी कधी त्याहून नवं चित्र सरकपट्टीच्या उजव्या टोकाला पडून असतं. म्हणून घड्याळ दाबून एकदा शेवटच्या रेघेपर्यंत जाऊन याच. पाहून झालं की घड्याळ पुन्हा दाबून बंद करा, नाहीतर दुसऱ्या गावाला गेलात तरी तुम्ही जुन्याच वर्षात फिरत राहाल.

जमीन मोजणं

मोजपट्टीचं चिन्ह दाबा. पहिल्या कप्प्यात सरळ रेषा मोजता येते. लोणारच्या एका काठावरून समोरच्या काठावर रेषा ओढा आणि १.८ किलोमीटरच्या जवळपास आकडा येतो का पाहा. आला, तर तुम्हाला मोजायला जमलं.

शेतासाठी 'पॉलिगॉन'चा कप्पा घ्या. आधी 'यू' दाबून दृश्य डोक्यावरून करा. तिरक्या दृश्यात कोपरे नेमके पकडता येत नाहीत आणि आकडा बिघडतो. मग बांधाच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर एकेक टिचकी मारत फिरा. क्षेत्रफळाचं एकक एकर किंवा हेक्टर निवडता येतं. एकराला ४०ने गुणलं की गुंठे. समजा ०.६५ एकर आलं, तर २६ गुंठे झाले. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, तेव्हा ताडून पाहायचं असेल तर हेक्टर निवडा: ०.२६ हेक्टर म्हणजे २६ आर. काम झालं की 'सेव्ह' दाबून त्या तुकड्याला नाव द्या, नाहीतर खिडकी बंद करताच आखलेलं पुसलं जातं.

हा आकडा कशासाठी वापरायचा हे मी स्पष्ट सांगतो. ठिबकच्या नळ्या किती लागतील, किती रोपं बसतील, तळ्याला किती कागद लागेल, याचा अंदाज बांधायला तो उत्तम आहे. बांधाच्या भांडणात तो पुरावा नाही. उपग्रह सरळ डोक्यावर नसताना, बाजूने तिरका बघत चित्र काढतो. त्यामुळे उंच इमारती झुकलेल्या दिसतात आणि डोंगराळ भागात जमीनच काही मीटर सरकलेली दिसते. खात्री करायची असेल तर एका चित्रावर विहिरीच्या मधोमध खूण लावा आणि घड्याळाची पट्टी मागेपुढे करा. खूण जागच्या जागी राहील, विहीर मात्र इकडे-तिकडे हलेल. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लावावी लागते. पडद्यावरची रेघ दाखवून भावकीत कोणीही वैर घेऊ नये.

डोंगराचा आलेख

ट्रेकला जाणाऱ्यांना हा भाग आवडेल. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जाणारी डोंगरधार सर्वांच्या ओळखीची आहे. 'ॲड' मेन्यूतून 'पाथ' घ्या, धारेवरून टिचक्या मारत रेषा आखा, जतन करा. मग डावीकडच्या यादीत तिच्या नावावर उजवी टिचकी मारून 'शो एलिव्हेशन प्रोफाइल' निवडा. खाली आलेख उघडतो: किती चढ, किती उतार, सरासरी आणि कमाल उतार किती. आलेखावर माउस फिरवला की वर धारेवर बाण सरकतो. खिंड कुठे, दमवणारा चढ कुठे, हे आधीच कळतं. फोनवर नोंदवलेली जीपीएक्स फाइल (चाललेल्या वाटेची नोंद) असेल तर ती खिडकीत ओढून टाका, तिचाही आलेख निघतो.

पण आलेख आपोआप खिडकीत मावेल असा ताणला जातो, त्यामुळे साधी टेकडीही सुळक्यासारखी दिसते. आकडे वाचा, आकारावर जाऊ नका. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. उंचीची ही माहिती ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची असते. तिचा एक मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून अकरा दिवस केलेलं रडार सर्वेक्षण. दोन बिंदूंच्या मधे कडा असेल तर सॉफ्टवेअर तिथे उतार भरून टाकतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहा. प्रत्यक्षात तो आत वळलेला आहे, पडद्यावर मात्र घसरणीसारखा दिसतो. एका जागेला एकच उंची देता येते, आणि आत वळलेल्या कड्याखाली तर हवा असते. म्हणून पडद्यावर 'जाता येईल' असं दिसणारी वाट सह्याद्रीत जीवघेणी असू शकते. वाट वाटाड्याला विचारा, आलेखावरून फक्त पाणी आणि वेळ किती लागेल ते ठरवा.

जुना गाव नकाशा वर चढवणं

गटांच्या हद्दी दाखवणारा गाव नकाशा स्कॅन करून किंवा सरळ वरून फोटो काढून संगणकावर घ्या. 'ॲड' मधून 'इमेज ओव्हरले' निवडा, फाइल दाखवा. नकाशाभोवती हिरव्या खुणा येतात. मधल्या अधिकच्या चिन्हाने तो सरकवता येतो, कोपऱ्यांनी लहान-मोठा होतो आणि डावीकडच्या तिरक्या चौकोनी खुणेने फिरतो. पारदर्शकतेची पट्टी अर्ध्यावर आणा, म्हणजे खालची जमीन आणि वरचा नकाशा दोन्ही दिसतील.

आता जुळवायचं कशाच्या आधारे? रस्ते बदलतात, घरं वाढतात, झाडं जातात. न बदलणाऱ्या गोष्टी धरा: दोन ओढ्यांचा संगम, देऊळ, जुनी दगडी विहीर, गावठाणाचा कोपरा. एक जागा पक्की करा, मग तिच्यापासून सगळ्यात लांबची दुसरी जुळवा, मग तिसरी. साखळीने मोजलेले जुने नकाशे चारही बाजूंनी तंतोतंत बसत नाहीत. मधला भाग बसला आणि कडेला थोडं सरकलं तर समाधान माना. दोन रात्री घालवून मी आमच्या गावचा नकाशा असा बसवला आणि बुजलेला एक पाणंद रस्ता दोन गटांच्या मधे झाडोऱ्याची बारीक रेघ होऊन सापडला.

जतन करणं, नेणं, पाठवणं

तुमच्या खुणा एका फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल प्रोग्रॅम नीट बंद केल्यावरच पूर्ण लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर दिवसभराचं काम जातं. माझं एकदा गेलं, चाळीसेक विहिरींच्या खुणा होत्या. तेव्हापासून अर्ध्या-पाऊण तासाने 'फाइल'मधून 'सेव्ह माय प्लेसेस' करतो. आठवड्याने एकदा फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'सेव्ह प्लेस ॲज' करून त्याची केएमझेड फाइल (सगळ्या खुणा एकत्र बांधलेली गूगल अर्थची फाइल) पेन ड्राइव्हवर ठेवा. हीच फाइल व्हॉट्सॲपवर पाठवता येते आणि समोरच्याकडे फोनवर गूगल अर्थ असेल तर तिथेही उघडते.

गावात नेट नसेल तर निघण्याआधी घरी त्या भागावर सगळीकडे जवळून फिरून घ्या. पाहिलेली चित्रं संगणकात साठून राहतात आणि नेटशिवायही दिसतात. 'ऑप्शन्स'च्या 'कॅश'मध्ये ही साठवण दोन हजार एमबीपर्यंत वाढवता येते. पडदा काळा पडत असेल किंवा गोल चिरफाळल्यासारखा दिसत असेल तर 'हेल्प'मधल्या दुरुस्तीच्या साधनातून ग्राफिक्सची पद्धत बदलून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

छापायला किंवा शाळेत लावायला चित्र हवं असेल तर 'सेव्ह इमेज' वापरा. शीर्षक, प्रमाणपट्टी आणि दिशादर्शक तिथेच जोडता येतात. मालकाच्या नावाची ओळ कापू नका आणि चित्राची तारीख शीर्षकात स्वतः लिहा.

नावं

आपल्या शिवारातल्या कितीतरी नावांना कुठल्याच लेयरमध्ये जागा नसते. चिंचेचा मळा, भुताचा ओढा, म्हसोबाची ताल, पांढरी, हाडकी. ही नावं ज्यांना ठाऊक आहेत ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्यावर जा, दृश्य थोडं तिरकं ठेवा, कारण डोक्यावरून पाहिलेलं गाव त्यांना पटकन ओळखू येत नाही. डोंगर आणि देवळाचं शिखर दिसलं की ती स्वतःच बोट दाखवायला लागतात. खूण लावा (कंट्रोल-शिफ्ट-पी), नाव देवनागरीत टाइप करा, ते चालतं. खालच्या वर्णनाच्या चौकटीत कोणी सांगितलं, कधी सांगितलं आणि त्यामागची गोष्ट लिहा. नाव सांगणाऱ्या आजीने जसं उच्चारलं तसंच ठेवा, 'शुद्ध' करू नका.